रोज दुपारी येणारा मेसेज

बोरी बुद्रुकमधली ती दुपार इतक्या वर्षांनंतरही मनातून जात नाही. मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावोगाव मोबाईल नुकतेच पोहोचले होते. गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. एका शेतकऱ्याने बायकोला मारहाण करून घरात कोंडले होते आणि कोयता घेऊन तो रिचार्जच्या दुकानासमोर बसला होता. दुकानदार आतून शटर ओढून लपला होता.

स्टेशन डायरीला नोंद करायला सांगून आम्ही निघालो. तो माणूस शटरकडे तोंड करून उकिडवा बसला होता. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. असा गप्प बसलेला माणूस अधिक धोक्याचा असतो. शिपायांना जीपजवळ थांबवून मी एकटाच पुढे गेलो आणि त्याच्या शेजारी खाली बसलो.

“साहेब, रोज दुपारी तिच्या फोनवर मेसेज येतो,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “तुझी लई आठवण येते म्हणतो. बॅलन्स टाकला की लगेच संपतो. मग ती बोलती कुणाशी?”

तिचा नंबर गावात दुकानदाराकडेच होता, म्हणून संशय त्याच्यावर. मी त्याचे सगळे ऐकून घेतले. मेसेज करणारा कोण हे मी शोधून काढतो, असा शब्द दिला, तेव्हा कुठे त्याने कोयता खाली ठेवला. तोवर महिला शिपायाने घराचे कुलूप काढून बाईला बाहेर आणले होते. तिचा ओठ फुटला होता.

ठाण्यात नवरा, बायको आणि दुकानदार, तिघांना वेगवेगळे बसवले. दुकानदाराला मी खडसावून विचारले, त्याचा फोन काढून घेतला, दुकानाची झडती घ्यायला लावली. त्याला घाम फुटला, पण हाती काही लागले नाही. बाई जबाबात एकच सांगत होती, “मला वाचता येत न्हाई. फोनवर काय बी आलं की बटण दाबून घालवते.”

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला तिचा फोन वाजला. तोच मेसेज. दुकानदार माझ्यासमोर होता आणि त्याचा फोन माझ्या खणात. माझ्या ड्रायव्हरने मेसेज वाचला आणि त्याचा चेहरा पडला. त्याने खिशातून स्वतःचा मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. त्यावरही अक्षरन् अक्षर तेच लिहिलेले होते.

मोबाईल कंपनीला पत्र गेले. त्या नंबरामागे पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी निघाली. तिच्या व्यवस्थापकाला चौकशीला बोलावले. तरणा, सभ्य माणूस. ग्राहकाच्या संमतीशिवाय आमची मैत्रीची सेवा सुरूच होत नाही, यावर तो अडून बसला. संमती म्हणजे काय, तर पडद्यावर इंग्रजीत सूचना येते आणि ग्राहक बटण दाबतो. मी बाईचा जबाब त्याच्यापुढे सरकवला. तो वाचून झाल्यावर मात्र त्याने सगळे सांगितले. जिवाभावाच्या माणसाने लिहावेत तसे हे मेसेज संगणकच पाठवत असे. ग्राहकाच्या बॅलन्समधून रोज थोडे पैसे कापले जात. मोठा वाटा मोबाईल कंपनी ठेवी, उरलेला यांना मिळे. हौसेने सेवा घेणारे मोजकेच. पैसे कापले जातात हे ज्यांना कळत नसे, त्यांच्यावरच कंपनी चालली होती.

“यात तुम्हाला धोका कसला?” मी विचारले.

“तक्रारी वाढल्या की मोबाईल कंपनी आमचा नंबर बंद करते, पैसे अडवते. मग पगारसुद्धा निघत नाहीत, साहेब.”

मी जप्त केलेला कोयता टेबलावर ठेवायला सांगितला. तो कुणी, कशापायी हातात घेतला होता, तेही ऐकवले.

आमच्या अहवालावरून तो नंबर बंद झाला आणि कंपनीवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. नवऱ्यावरही मारहाणीचा गुन्हा नोंदवला. बाईला माहेरी न्यायला तिचा भाऊ डिंभ्याहून ठाण्यात आला. निघताना ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

“मी न्हाई न्हाई म्हणत व्हते ते खोटं, आन् मशीनमधी दिसलं ते खरं,” ती म्हणाली. “आता मशीन खोटं निघालं, म्हणून मी खरी झाले व्हय?”

आणि ती भावाबरोबर निघून गेली. पुढे नवरा डिंभ्याला बऱ्याच खेपा घालून आला. ती परतली, पण उशिरा, आणि स्वतःच्या मनाने.

नंतरच्या नोकरीत मोबाईलच्या नोंदींनी आम्हाला अनेक गुन्हे उघडकीला आणून दिले. त्यांची किंमत मी कमी लेखत नाही. पण बटण दाबल्याची नोंद कागदावर आली, की ते दाबणाऱ्याला मी समोर बसवून घेत असे आणि पहिल्यांदा हेच विचारत असे, काय समजून दाबलंस?