बठेल शे का कोनी?

आमच्या क्लबात ट्रॅकवर जेवढी धूळ साचते त्याहून जास्त किस्से साचतात. धूळ निदान दर रविवारी फडक्यानं पुसली जाते. किस्से तसेच पडून राहतात आणि चहा आला की कोणीतरी त्यांना पुन्हा किल्ली देतं.

क्लब म्हणजे नंदुरबारच्या मिरची बाजारामागे राजूभाईंच्या गोदामावरचा हॉल. राजूभाई मिरचीचे व्यापारी. हॉल त्यांचा, पंखे त्यांचे, चहाही बऱ्याचदा त्यांचाच. मधोमध लाकडी ट्रॅक, त्यात खाचा. चिमुकल्या गाडीच्या पोटाखालची पिन खाचेत बसते, हातातला खटका दाबला की गाडी पळते. वळणावर जास्त दाबला की उडून थेट राजूभाईंच्या हिशेबनीसाच्या टेबलावर. याला स्लॉट कार म्हणतात. माझी बायको याला ‘म्हाताऱ्यांची अंगणवाडी’ म्हणते.

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा रविवार आणि सोमवार यांत फरकच उरला नव्हता. या मंडळींनी मला माझा रविवार परत दिला. त्यांची कितीही टिंगल केली तरी हे ऋण माझ्यावर आहेच, ते आधीच सांगून टाकतो.

* * *

राजूभाईंच्या भाच्यानं त्यांना परदेशातून एक लाल, चपटी स्पोर्ट्स कार आणून दिली. ती आली आणि आम्हा सगळ्यांचं जिंकणं बंद झालं. बाकीच्यांच्या गाड्या म्हणजे बाजारातली खेळणी पोखरून खाली मोटर बसवलेली. लाल गाडी सुळकन निघून जायची.

शेवटी भास्करआप्पा उठले. आप्पा ब्राह्मणपुरीचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आमची प्रत्येक शर्यत ते तोंडानं हॉर्न वाजवून सुरू करतात. तो हॉर्न इतका खरा, की पहिल्यांदा ऐकून मी बाजूला सरकलो होतो.

“हाई गाडी आपला जिल्हाना रस्ताले कव्हय चालनी का?” आप्पांनी विचारलं.

“नाही,” राजूभाई म्हणाले.

“मंग तिन्ही शर्यत तिन्हा देशमा.” म्हणजे तिची शर्यत तिच्या देशात.

त्या दिवशी आमचा ‘जिल्हा क्लास’ जन्माला आला. नियम एकच. मॉडेल अशाच गाडीचं हवं जी आपल्या जिल्ह्यात खरोखर धावली आहे, आणि त्या गाडीत बसलेल्या माणसानं समोर येऊन तसं सांगायला हवं. मी मास्तर, म्हणून तपासनीस मला केलं. पण प्रश्न विचारायचे आप्पाच, आणि तोही एकच: “बठेल शे का कोनी?” म्हणजे, यात बसलंय का कोणी?

* * *

राजूभाई सहजासहजी हार मानणारे नव्हते. पुढच्याच रविवारी ते हर्षानं फुलून आले. नवापूरजवळ सुरतेच्या हायवेवर त्यांनी अगदी तश्शीच लाल गाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

“जिल्ह्यातून गेली, आप्पा. आता बोला.”

“चालीसन गयी का?”

राजूभाई जरा घुटमळले. “मोठ्या ट्रकवर चढवलेली होती.”

“मंग ती गाडी नही,” आप्पा म्हणाले, “ती पॅसेंजर व्हती.”

स्वतःच्या हॉलमध्ये स्वतःची गाडी बाद झाली आणि हा माणूस खाली चहा सांगायला गेला. असं मन मला उसनंसुद्धा मिळालं नसतं.

* * *

मिरचीचा हंगाम आला की खालून ठसका वर येतो. शिंक आली की अंगठा आपोआप दाबला जातो आणि गाडी उडते. म्हणून नियम केला, शिंकेनं उडालेली गाडी पुन्हा खाचेत ठेवायची.

महिन्याभरात आमच्यासारखे शिंकणारे अख्ख्या खान्देशात नसतील. वळण हुकलं की शिंक. आप्पांनी शेवटी नियम सुधारला: शिंक आधी, गाडी मंग.

* * *

मी मोठ्या हौसेनं एक जीप बनवली. तोरणमाळच्या घाटात चालते तशी. दिवे, आरसे, मागचं जादा चाक, सगळं जागच्या जागी. बसलेले तर सगळेच होते, म्हणून मी निर्धास्त.

आप्पांनी जीप उचलली, चष्मा वर केला. “सर, हाई रिकामी जीप तुमीन कोठे देखी?”

मी मागचं जादा चाक दाखवलं.

“बोनटवरना मानसं कोठे शेतस? मांगे लटकेल कोठे शेतस?”

मूळ गाडीशी साम्य नाही म्हणून माझी जीप बाद. आठवडाभर मातीची माणसं करत बसलो. बोनटवर बसवली, मागे लटकवली, एकाच्या मांडीवर कोंबडीही दिली. दुसऱ्या रविवारी जीप पहिल्याच वळणावर अशी डोलली की कोंबडी पडली.

“आते पास,” आप्पा म्हणाले. “खरी बी तठेच डोलस.”

* * *

दुसरी गाडी माझ्या लग्नातली अॅम्बेसेडर. साक्षीदार म्हणून बायकोला आणलं. ती आयुष्यात पहिल्यांदा अंगणवाडीची पायरी चढली.

“वहिनी, बठेल शेतस ना?” आप्पांनी अदबीनं विचारलं.

“बठेल शे. ब्राह्मणपुरीथून म्हसावदले येवाले निंघनू. पण अर्धी वाट शालू नेसीसन मांगून लोटी. आते ते बठणं धरा का लोटणं, ते तुमीन ठरावा.”

समितीनं गाडी पास केली. ट्रॅकवर ती बंद पडली तर हातानं ढकलायची सवलतही दिली.

* * *

आता वळवी सर. सातपुड्यातले, तोरणमाळकडच्या शाळेत शिक्षक. बोलणं मोजकं. ते पहिल्या दिवशी आले तेव्हा डब्याच्या पिशवीतून एक निळी गाडी काढली. लांबट, मागून दार उघडणारी. असली गाडी आम्ही कोणीच पाहिली नव्हती.

“बठेल शे का कोनी?” आप्पांनी विचारलं.

कोणीच नाही. गाडी खिडकीच्या कट्ट्यावर गेली. मग दर रविवारी सर ती आणायचे, कट्ट्यावर ठेवायचे, आमच्या गाड्या उडाल्या की उचलून द्यायचे आणि जाताना ती परत पिशवीत घालायचे. तक्रार नाही.

एकदा मीच विचारलं, “सर, दुसरं एखादं मॉडेल करा ना. हीच का?”

सरांनी हळूहळू सांगितलं. त्यांचं लग्न नवं होतं. ते प्रशिक्षणासाठी नंदुरबारला आले आणि मागे गावात बायकोला कळा सुरू झाल्या. सरांच्या आईनं तिला धरून घाटरस्त्यापर्यंत आणलं, पण जीप निघून गेली होती. तेवढ्यात तोरणमाळ पाहायला आलेलं गुजरातकडचं एक कुटुंब या निळ्या गाडीतून उतरणीला लागलं होतं. त्यांनी गाडी थांबवली. त्या घरातली बाई, मुलं, म्हातारे आजोबा, सगळे घाटात खाली उतरले. सरांच्या बायकोला मागे आडवी केली, आईला शेजारी बसवलं, आणि त्या घरच्या माणसानं गाडी म्हसावदच्या दवाखान्याकडे सोडली. बाकीचे तिथं उन्हात, दगडावर, गाडी परत येईपर्यंत बसून राहिले.

“नाव कोणी विचारलं नाही,” सर म्हणाले. “नंबर कोणी बघितला नाही. मी पोचलो तोवर ते गेले होते. आभार मानायला माझ्याकडे माणूसच नाही, सर. फक्त गाडी आहे. बायको सांगत गेली तशी बनवली. निळा रंग तिला पटेपर्यंत बदलला. ती इथं तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांबरोबर एकदा पळावी, एवढंच.”

राजूभाईंनी डोळे पुसले आणि मिरचीवर ढकललं. “आप्पा, मन्ही काय हरकत नही. पळू द्या.”

आप्पांचा चेहरा उतरला होता. “सर, मन्हा बी जीव तुटस. पण राजूभाईनी गाडी आपण त्यासनाच घरमा बाद करी. आते नियम वाकाडसूत, तं त्यासले काय तोंड दखाडसूत? आई तं ऱ्हायनी नही, तुमीनच सांगेल शे. घरना बाईले लई या.”

“ती चार माणसांत बोलायची नाही, आप्पा. नुसतं नाव काढलं तरी आत जाऊन बसते.”

“मंग कोनी बी आणा. पण त्या गाडीमा व्हतं असंच.”

सरांनी मान हलवली, गाडी पिशवीत घातली आणि गेले. त्या रविवारी नंतर कोणालाच शर्यत लावावीशी वाटली नाही.

पुढच्या रविवारी सर आले ते मुलीला घेऊन. सुमन, इथंच नंदुरबारला नर्सिंगला आहे. तिनं सगळ्यांना नमस्कार केला, निळी गाडी पिशवीतून स्वतः काढली आणि ट्रॅकच्या कडेला ठेवली.

“मी साक्षीला आले आहे,” ती म्हणाली.

आप्पांनी चष्मा काढून हातात घेतला. कसं नाही म्हणावं ते त्यांना सुचत नव्हतं. “बेटी, तू तं तवय व्हतीच नही. तू त्या गाडीमा कशी बठनी व्हशी?”

“चढले नव्हते, आजोबा,” सुमन म्हणाली. “फक्त उतरले.”

आप्पांनी तोंडानं हॉर्न वाजवला.