गळक्या रबरी पँटची भोकं

मंडळी, आज पिंप्राळ्यात एका दुकानाबाहेर छातीपर्यंत येणारी, बूट जोडलेली रबरी पँट टांगलेली दिसली आणि मी रिक्षा थांबवायला लावली. नव्वदच्या दशकात आमचे हे साक्रीजवळ मत्स्यबीजाच्या तळ्यावर कामाला होते. तशीच पँट घालून पाण्यात उतरायचे.

एका हिवाळ्यात ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. त्यात मधुमेह. डॉक्टर म्हणाले, "पाय ओला राहिला तर अंगठा काढावा लागेल." आणि पँट तर गळत होती! रोज संध्याकाळी मोजा ओलाचिंब.

बाहेरून कितीही निरखलं तरी भोक दिसेना. मी म्हटलं, "अंधारात बघू." दार-खिडक्या लावून मी पँटच्या आत बॅटरी धरली. गुडघ्यामागच्या जोडावर उजेडाचे बारीक ठिपके चमकले.

"सापडनं वं!" हे ओरडलेच.

खडूने खुणा केल्या, रबर घासलं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवले आणि रात्रभर त्यावर पाटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मीसुद्धा तळ्यावर गेले. हे कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होते आणि माझा जीव वरखाली होत होता. बाहेर आल्यावर मीच त्यांचा मोजा ओढून काढला, हाताने दाबून पाहिला.

"बठ्ठं कोरडं शे ना?" ह्यांनी विचारलं.

मोजा सगळा कोरडा होता. तिथेच काठावर बसून मी रडले.

जखम भरली, अंगठा वाचला.

तुमच्या घरी कोणती दुरुस्ती झाल्यावर असा जीव भांड्यात पडला होता?