किल्ली घेणारे धूरबाबा

आमच्या पाड्यावर एक म्हातारे होते. ते दुसऱ्यांच्या बंद घरात जाऊन चूल पेटवायचे. स्वयंपाकाला नाही, धुरासाठी. सगळे त्यांना धूरबाबाच म्हणायचे.

आमचा पाडा हरसूलच्या पुढे डोंगरात. भात आणि नागली घरात आली की आम्ही द्राक्षांच्या कामाला नाशिककडे निघायचो. जाताना किल्ली धूरबाबांच्या हातात द्यायची. रोज एका घरात जाऊन ते चुलीवर ओला पाला घालायचे, घर धुराने भरलं की दार ओढून ओट्यावर बसायचे. म्हणायचे, "धूर नाय मिळाला तर वाळवी राहायला येते, अन् मग ती हालत नाय."

किल्ली देताना माझी जाऊ चेष्टा करायची. "बाबा, चूल पेटवताच हाय, तर आम्ही येऊ तवा दोन भाकरी टाकून ठेवा."

"तुझ्यासारख्या करपवून ठेवू का?"

ओट्यावर बसून ते पाड्याची हकीकत सांगायचे. आधी सगळी वस्ती वर टेकावर होती. पाण्यासाठी खाली उतरली, मग रस्ता झाला तशी रस्त्याला येऊन चिकटली. "गाव मुंग्यांसारखं. गूळ दिसला तिकडं सरकतं," ते म्हणायचे.

पुढे स्लॅबची घरकुलं आली. बाबांनी त्यातल्या पहिल्या घरातही तीन विटा मांडून धूर केला. शिमग्याला घरची माणसं परतली तर नव्या रंगाच्या भिंती काळ्या.

"बाबा, सिमेंटला कुठं वाळवी लागते?"

"नाय लागत? मला वाटलं, घर हाय तर धूर पायजे."

त्यांनी स्वतः चुना आणून भिंती पांढऱ्या केल्या. पण तेव्हापासून त्यांच्याकडे किल्ल्या कमी होत गेल्या. शेवटी आमचीच उरली, कारण आमचं घर सागाच्या वाशांचं होतं.

तोवर आम्ही नाशिकलाच राहू लागलो होतो. मी पंचवटीत हार ओवते. ह्यांच्या मनात आलं, घर मोडून लाकूड विकावं. मला ते नको होतं, पण ह्यांच्यापुढे मी कधी बोलले नाही. घर मोडायचं ठरवायला आम्ही पाड्यावर गेलो, तेव्हा बाबा आमच्याच ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाईला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं?" हे म्हणाले.

"चूल तिची हाय. किल्ली मी तिच्याच हातून घेतो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "राहू द्या." एवढंच बोलले. घर राहिलं.

मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. आम्ही पोचलो तोवर त्यांना नेलं होतं. त्यांच्या सुनेने आमची किल्ली आणून दिली.

आता अधूनमधून मी एकटीच हरसूलच्या गाडीत बसते. चूल धुमसवते, दार ओढून ओट्यावर बसते. पाड्यावर सगळीकडे गॅस आहे, दुसरा धूर दिसत नाही. येणारेजाणारे हसून बोलतात, पण ओट्यावर कोणी टेकत नाही. विस्तव विझला की मी कुलूप लावते. किल्ली हातात घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहते, मग कमरेला खोचून गाडीकडे निघते.