थर्ड शिफ्टच्या घरची पोरं

माझ्या शांत वर्गाचा मला फार गर्व होता. बजाजनगरच्या आमच्या शाळेत कुणी पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना हटकून माझ्या तिसरीपुढे आणून उभे करायचे आणि हळूच म्हणायचे, "बघा, बाई नसल्या तरी हा वर्ग असाच असतो." मग मी खडूची धूळ झटकत, आपलं काही विशेष नाही अशा थाटात हसायची. खरं तर आतून मला केवढंतरी विशेष वाटत असायचं.

त्यातच शाळेनं मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मुलांना बसावंसं वाटेल, शिकावंसं वाटेल असा वर्ग कसा करायचा, हा विषय. मी कुठलीही गोष्ट अंगाला लावून घेणारी बाई. परत आले आणि कपाटातल्या चार जुन्या साड्याच फाडल्या. पडदे झाले. तेलाच्या रिकाम्या डब्यांत मनीप्लँट लागले. पडेगावहून स्कूटीवर पायांमध्ये सतरंजीची गुंडाळी उभी धरून मी नगर नाका पार केला, तेव्हा सिग्नलला एका रिक्षावाल्यानं "मॅडम, लग्न किधर है?" असं विचारलंही. नवरा म्हणाला, "आपल्या हॉलच्या खिडकीला पडदा नाही, ते शाळेला दिसतं का बघ." मी लक्ष दिलं नाही.

तर असा वाचन कोपरा झाला, सतरंजी झाली, आणि भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'शांतता राखा, छान वाचा'. मुलं सतरंजीवर यायची ती चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता. बाक सरकवायचा असेल तर दोघं मिळून उचलायची. डबा उघडतानाही झाकणाचा आवाज नाही. मी मनात म्हणायची, वा बाई, काय शिस्त लावलीस!

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. दोन घट्ट वेण्या, वही नीटनेटकी, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पण वाचायला उभी केली की ओठ हलायचे आणि आवाज यायचाच नाही. "मोठ्यानं," मी म्हणायची. ओठ जास्त हलायचे. "अगं, मोठ्यानं!" मग ती पुस्तक खाली करायची आणि माझ्याकडे बघत राहायची. जून गेला, जुलै गेला. मी ठरवून टाकलं की पोरीला वाचता येत नाही. बघून बघून उतरवते आणि नेमकी वाचायच्या वेळी अडकते. प्रगतिपुस्तकात मी लाल शाईनं लिहिलं, 'वाचन येत नाही. घरी मोठ्याने वाचनाचा सराव घ्यावा.' खाली रेघही ओढली.

आठवडाभरानं शाळा सुटताना तिची आई फाटकाशी उभी होती. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाली. पुन्हा नाही. शेवटी मी अगदी जवळ गेले.

"मॅडम, हिच्या पप्पानं तुमचं लिवलेलं वाचलं. म्हणतेत, इथं ठिवून काय उपेग नाय, दिवाळीच्या सुट्टीत दाखला काढू अन् मामाकडं टाकू."

"मग मामाच्या गावात शाळा आहे ना?"

"हाये की. पर मामीला दोन लहान लेकरं हायेत. ही तिथं गेली की लेकरं संभाळणंच होतंय बघा. शाळा नावालाच." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "मला नाय धाडायचं तिला. तुमी काय तरी करा."

हे सगळं ती कुजबुजत बोलत होती. मला वाटलं, नवऱ्याच्या धाकात आहे बिचारी. आता त्या नवऱ्यालाच भेटते, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा आटोपून भर दुपारी त्यांच्या घरी गेले. भांडायच्या तयारीनंच गेले, हे कबूल करते.

गल्लीत सगळी एक-एक खोलीची घरं. त्यांच्या दाराच्या कडीला हेल्मेट अडकवलेलं होतं. मला कौतुक वाटलं, माणूस वाहतुकीचे नियम पाळतो म्हणायचा. बेल दाबली. वाजली नाही. मग मी कडी धरली आणि चांगली खडखडा वाजवली. हेल्मेट धाडकन पायरीवर पडलं आणि गडगडत गटारीच्या कडेला गेलं.

एकाच वेळी तीन दारं उघडली. तीन बाया, तिघींचीही बोटं ओठांवर. चौथ्या दारातून मुलीची आई धावत आली. तिच्या हातात गरम कुकर होता.

मग मला आत नेऊन ओट्याच्या कोपऱ्यात, कानाशी लागून सगळं समजावण्यात आलं. नवरा कंपनीत थर्ड शिफ्टला. सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत झोपतो. दाराला हेल्मेट असलं म्हणजे आत कामगार झोपलाय, दार वाजवायचं नाही. दूधवाल्याला माहीत, गॅसवाल्याला माहीत, भंगारवाला त्या दारापुढून न ओरडता जातो. बेलची वायर काढूनच ठेवलेली. कुकरला शिट्टी होते म्हणून वरण शेजारणीकडे लावायचं; पुढच्या आठवड्यात शेजारणीच्या नवऱ्याची थर्ड, मग तिचा कुकर हिच्याकडे. मिक्सरचंही तसंच. सगळ्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट त्या वस्तीत बारा वर्षं शिकवणाऱ्या बाईंनाच तेवढी ठाऊक नव्हती.

नवरा पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून झोपला होता. माझ्या खडखडाटानं तो जागा झाला नाही, हे नशीबच म्हणायचं, असं मला तेव्हा वाटलं.

मुलगी भांड्यांच्या मांडणीजवळ बसली होती. फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरलेलं. मी नुसतं बोट ठेवलं. ती माझ्या कानाशी तोंड आणून वाचायला लागली. कन्नडच्या बाजारात अद्रकाची आवक वाढली, भाव उतरले. मी दुसरीकडे बोट ठेवलं. पाणीपुरवठा विस्कळीत, नागरिकांचा संताप. 'विस्कळीत' माझ्या वर्गातली निम्मी मुलं आजही म्हणू शकत नाहीत. ही न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून, कानात फुंकर घातल्यासारखं सगळं वाचत गेली.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. एका खोलीच्या घरात, जिथं कुकरची शिट्टी होऊ द्यायची सोय नाही, तिथं मी लाल शाईनं लिहिलं होतं की मोठ्याने वाचनाचा सराव घ्या. आणि माझ्या त्या कौतुकाच्या शिस्तीत माझा काडीचाही हात नव्हता. सगळी पोरं ती घरूनच घेऊन येत होती. बापाची शिफ्ट बदलली तरी त्यांची सवय बदलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी विचारलं, "या आठवड्यात कुणाकुणाकडे थर्ड आहे?" अकरा हात वर झाले. मुलांना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. इतके दिवस बाईंनी कसं विचारलं नाही, याचंच वाटलं असावं. मी भिंतीवरचं 'शांतता राखा' काढलं. सतरंजी मात्र ठेवली, कारण एका खोलीत पाचजण झोपणाऱ्या मुलाला पहिल्या तासाला दहा मिनिटं आडवं व्हायला जागा मिळाली तर तो पुढचे चार तास माणसात असतो, हे त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं.

आणि रोज मैदानावर वाचन सुरू केलं. एकानं नळापाशी उभं राहून वाचायचं, दुसऱ्यानं झेंड्याच्या खांबापाशी बसून ते वहीत लिहायचं. ऐकू नाही आलं तर लिहिणाऱ्यानं ओरडायचं, "नाय आलं!" ज्यांच्या घरी थर्ड, त्यांचा नंबर आधी. पहिल्या दिवशी पोरं भांबावली. चौथ्या दिवशी असा काही कालवा झाला की चौथीच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या.

मुख्याध्यापक धावत आले. "मॅडम, तुमच्या वर्गाला झालंय काय?"

"वाचतोय सर."

"हे वाचन आहे? पुढच्या महिन्यात पाहुणे येणार आहेत!"

"आणा की. त्यांनाही खांबापाशी बसवू."

ते पाय आपटत गेले. पण थांबवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ती मुलगी नळापाशी उभी राहायची आणि खांबाकडून रोज तेच, "नाय आलं! नाय आलं!" मग लिहिणाऱ्या मुलाला मी खांबापासून चार पावलं तिच्याकडे सरकवून बसवलं. मग दोन पावलं मागे. असं करत करत आम्ही गणपती, महालक्ष्म्या, दसरा ओलांडला. एक दिवस खांबापाशी बसलेल्या पोरानं मुकाट्यानं वहीत लिहिलं आणि "पुढं?" एवढंच म्हटलं. ती इतकी दचकली की पुढची ओळच विसरली. मी पदराआड डोळे पुसले आणि उगाच कुणाला तरी चपला नीट न घातल्यावरून रागावले.

दिवाळीची सुट्टी दोन दिवसांवर आली आणि सकाळी आठला तिचा बाप वर्गाच्या दारात उभा राहिला. कंपनीचे कपडे, डोळे लाल, हातात दाखल्याचा अर्ज. थर्ड करून थेट आला होता. मॅडम म्हणतात पोरगी वाचते, असं बायकोनं सांगितलं होतं म्हणे, पण त्याचा विश्वास नव्हता.

"मॅडम, तुमीच लिवलं व्हतं. आता म्हणता वाचती. नेमकं काय समजावं मानसानं?"

"मी चुकीचं लिहिलं होतं," मी म्हटलं. वर्गासमोर म्हटलं. "बसा, ऐका आणि मग ठरवा."

तो शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. ती फळ्यापाशी उभी राहिली आणि वाचायला लागली. आवाज चांगला, खणखणीत. पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्याच्या मध्यावर बापाची मान हळूहळू छातीवर आली आणि तो चक्क घोरायला लागला.

आणि वर्ग गप्प झाला. तो गप्पपणा मी पूर्वी पाहिलेला होता, पण तो काय असतो हे मला आता कळत होतं. बत्तीस मुलांनी एकदम हात आवरले, पेन्सिली खाली ठेवल्या, मधल्या रांगेतल्या एकानं खोकला तोंडात दाबला. कुणी काही सांगितलं नाही. तिचा आवाज खाली खाली जात पुन्हा नुसते ओठ हलायला लागले. अडीच-तीन महिन्यांची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर विरघळत होती.

"थांबू नकोस," मी म्हटलं.

तिनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक तोंडासमोर धरलं आणि जे वाचायला लागली ते नळापाशीसुद्धा कधी वाचलं नव्हतं इतक्या मोठ्यानं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मुलं जीव मुठीत धरून बापाकडे बघत होती. धडा संपला. बाप हललाही नाही.

शेवटी मी खांदा धरून हलवला तेव्हा त्यानं डोळे उघडले. "झालं व्हय?"

"तुम्ही झोपलात!" मला रागही आला होता आणि हसूही येत होतं. "ती एवढी ओरडून वाचत होती, तुम्हाला जाग नाही?"

तो ओशाळला. "कसली जाग, मॅडम. तिथं प्रेस मशीन धाडधाड चालती अन् आमी बाजूला बसून डुलकी काढतो. एकदा डोळा लागला की ढोल वाजवा."

"मग घरात एवढी शांतता कशाला?"

"घरात शांतता असती?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "मला काय ठाव? मी तर झोपेल असतो."

मी काही बोलणार तेवढ्यात फळ्यापाशी पुस्तक आपटलं. "पप्पा!" ती ओरडली. "मंग आमी कुकर शेजारी का नेतो? धाकल्या बाळाला गल्लीत का खेळवतो? मी सुट्टीभर गाणं नाय म्हणलं! आईला कवाच सांगितलं का नाय तुमी?"

बाप रागावला नाही. आठ वर्षांच्या आपल्या लेकीकडे तो कुणी नवीन माणूस भेटल्यासारखा बघत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "हिचा आवाज असाय व्हय?"

त्यानं हातातला अर्ज दुमडला, पुन्हा दुमडला आणि वरच्या खिशात कोंबला. मग बाकावरून उठला.

"पयल्यापासून वाच बाळा," तो म्हणाला. "बसलं की झोप लागती. मी उभा ऱ्हातो."

आणि धडा संपेपर्यंत तो भिंतीला टेकलासुद्धा नाही.