बाईंना आवडलेल्या तारा

माझ्या बेस गिटारची तार करकरते, अशी तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. तक्रार आली याचा अर्थ आवाज हॉलमध्ये पोचत होता.

मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. साप्ताहिक सुट्टीला आणि लग्नसराईत रजा टाकून एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. हे वीस-बावीस वर्षं चाललं. मग लग्नांत डीजे आले, वाढदिवसांना पेन ड्राइव्ह पुरू लागला आणि ऑर्केस्ट्रा बंद पडला. तो बंद करतोय असं कुणी जाहीर केलं नाही. फोन यायचे थांबले. मी निवृत्त झालो त्याच सुमारास ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला मित्र बँकेतून निवृत्त झाला होता आणि त्याने सावेडीत कराओके ग्रुप काढला होता. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, एक दातांचे डॉक्टर. महिन्यातून एकदा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या छोट्या हॉलमध्ये जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. संगीत लॅपटॉपमधून येणार, शब्द पडद्यावर सरकणार, माणसाने फक्त गायचं.

"तू ये," मित्र म्हणाला. "नुसता लॅपटॉप बघून लोक कंटाळतात. तू स्टेजवर उभा राहिलास की लाईव्ह वाटेल."

मी त्यातलं 'लाईव्ह' ऐकलं, 'वाटेल' ऐकलं नाही.

"ट्रॅकमध्ये बेस असतोच. मग मी काय वाजवू?"

"तो मी खाली घेतो. तू काळजी करू नकोस."

ऑर्केस्ट्रात असताना बेसवाल्याला कुणी ओळखत नसे. गायिकेला हार मिळायचा, ऑक्टोपॅडवाल्याला शिट्ट्या मिळायच्या. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण मी दोन मात्रा थांबलो की सगळं गाणं पोकळ होतं हे मला माहीत होतं. निवृत्तीनंतर मला तेवढंच परत हवं होतं. गाण्याखालचा आवाज माझ्या बोटांचा असावा.

पहिला कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला.

"बाईंची तक्रार आहे."

"कुठल्या बाई?"

"आपल्या मुख्याध्यापिका. त्यांचं ते संथ गाणं होतं ना, त्यात तुझी तार करकरते म्हणे. फळ्यावर खडू ओढल्यासारखी."

"फळ्याचं त्यांना जास्त कळतं."

"चेष्टा नको रे. मोठ्या आहेत त्या. तारा बदलून बघ ना. तू मागे म्हणायचास, गुळगुळीत तारा मिळतात म्हणून."

मिळतात. बेसच्या नेहमीच्या तारेवर बाहेरून गोल वायर गुंडाळलेली असते. तिच्यावर बारीक खाचा राहतात, बोट सरकलं की त्या वाजतात. फ्लॅटवाउंड तारेवर गुंडाळलेली पट्टी चपटी असते. बोट काचेवरून गेल्यासारखं जातं. आवाज जाड, बुजरा आणि लवकर विझणारा येतो, जुन्या रेकॉर्डवर असायचा तसा. ज्या काळातली गाणी हा ग्रुप गात होता त्या काळातला बेस बहुधा असाच ऐकू येई. म्हणजे बाईंची तक्रार योग्य होती, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचे तीन आठवडे मी तारा निवडत होतो. नगरच्या दुकानात बेसच्या तारांचा एकच प्रकार होता. "हाच सगळे नेतात," दुकानदार म्हणाला. सगळे म्हणजे किती, असं विचारल्यावर तो हसला. मोबाईलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ पाहिले. एकच गाणं चार प्रकारच्या तारांवर वाजवलेलं, कानाला हेडफोन लावून, पुन्हा पुन्हा. पोलादी की निकेलच्या, हा एक प्रश्न. जाडीचा दुसरा. फ्लॅटवाउंड तारा साधारण जास्त ताणाच्या असतात आणि माझ्या गिटारची मान जुनी आहे. जाड सेट लावला तर मान वाकेल, हलका लावला तर खालचा सूर ढिला पडेल. बायको म्हणाली, "मुलीचं स्थळ बघताना इतकी चौकशी केली नव्हती." ते खरं होतं.

शेवटी एसटीने पुण्याला गेलो. तिथल्या दुकानदाराने कुलपाच्या कपाटातून दोन सेट काढले आणि दोन्हींतल्या एकेका तारेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एक कर्र वाजली, दुसरी वाजली नाही. न वाजणाऱ्यांतला हलका सेट मी घेतला, पोलादी.

रविवारी सकाळी त्या चढवल्या. ही तार कापायच्या आधी काटकोनात मोडून घ्यावी लागते. सरळ कापली तर वरची पट्टी आतून सैल पडते आणि तार मुकी होते. चारही नीट मोडून मग कापल्या. ताणाने मान पुढे आलीच. मानेच्या आतल्या सळईला किल्लीने पाव फेरा देऊन दोन दिवस ठेवली, मग आणखी थोडा. तिसऱ्या दिवशी बाईंचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. मधल्या संगीतानंतर अंतरा सुरू होतो तिथे ट्रॅकमध्ये बेस एकाच सुरावर थांबतो. मी तिथे तीन सूर पायरी-पायरीने खाली उतरायचं ठरवलं. गुळगुळीत तारेवर ते फार चांगलं बसत होतं.

दुसऱ्या कार्यक्रमात ते वाजवलं. बाई स्टेजवरून उतरताना थांबल्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, सुती साडी, चष्म्याला साखळी. म्हणाल्या, "भाऊ, आज फार छान वाजवलंत. आवाज कसा, जाणवतसुद्धा नव्हता. मला गाता आलं." मित्र शेजारी होता. तो म्हणाला, "तारा बदलल्यात त्याने खास तुमच्यासाठी. पुण्याहून आणल्या." बाईंनी हात जोडले. तिसऱ्या कार्यक्रमानंतर त्यांनी माइकवरून माझे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्केस्ट्राच्या एवढ्या वर्षांत माझ्यासाठी टाळी वाजली नव्हती.

फ्लॅटवाउंड तारा वाजून वाजून मुरतात, त्यांचा आवाज आणखी गोल होतो असं वाचलं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात फरक पडला का, ते मला ऐकायचं होतं. एवढ्याच कारणासाठी मी साउंडवाल्याला फोन केला. तो काष्टी गावचा. मंडप आणि साउंडचा धंदा, चाळिशीचा माणूस, हॉलमध्ये जाणारा आवाज दर वेळी मिक्सरवरून रेकॉर्ड करून ठेवायचा. म्हणाला, "लई मोठी फाइल हाय काका, मोबाईलवर जात न्हाई. या की इकडं, शनवारी बाजार असतोय."

शनिवारी गेलो. बाजारामुळे एसटी स्टँडच्या अलीकडेच थांबली. त्याच्या गाळ्यात छतापर्यंत स्पीकरचे खोके रचलेले होते. मधल्या बोळात दोन स्टूल. त्याने लॅपटॉप लावला, मला हेडफोन दिला. बाईंचं गाणं आलं. मधलं संगीत संपलं, अंतरा आला. बेस एकाच सुरावर थांबला.

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग आधीच्या महिन्याचं लावायला सांगितलं. दोन्हीकडे तोच सूर, तेवढाच लांब. ट्रॅकमधला.

"यात मी कुठंय?"

"तुमी न्हाई त्यात. तुमचा चॅनल म्होरं बंद असतोय ना."

"बंद?"

"हॉलला बंद. तुमच्या पायापाशी जो स्पीकर हाय, त्याला चालू." त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"कधीपासून?"

"पयल्या कार्यक्रमाच्या मध्यंतरापासून. ग्रुपवाले सर आले आन् म्हनले, बाईंला त्रास हुतोय, ह्याला हॉलमधून काढ, पायाशी ऱ्हाऊ दे. मला वाटलं तुमचं बोलून झालं आसंल." मग त्याने मला बरं वाटावं म्हणून जोडलं, "पर काका, तुमी उभं असलात की स्टेज भरल्यावानी दिसतं. खोटं न्हाई सांगत."

त्याने चहा मागवला. चहा झाला. फाइल पेन ड्राइव्हवर देऊ का, असं त्याने विचारलं आणि मी नको म्हणालो.

म्हणजे फोन आला त्याच्या आदल्या संध्याकाळीच माझा आवाज काढलेला होता. करकर बंद झालेली असताना मित्र मला करकर घालवायच्या तारा आणायला सांगत होता.

परतीच्या एसटीत मला कर्जत तालुक्यातला एक वार्ताहर आठवला. मी डेस्कवर असताना तो दर आठवड्याला दोन-तीन बातम्या पाठवायचा, रेघांच्या कागदावर, पुढे ई-मेलवर. नगरला आला की कार्यालयात यायचा आणि विचारायचा, साहेब, बातमी कशी होती. मी सांगायचो, चांगली होती, जागा नव्हती. बऱ्याचदा मी ती उघडलेलीही नसे. तो पुढच्या खेपेला आणखी नीट लिहून आणायचा, नावं, वेळा, आकडे तपासून. हे मी सात-आठ वर्षं केलं. त्याला खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या फ्लॅटवर गेलो. त्याने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून दारातच बोलायला सुरुवात केली.

"त्याने सांगितलं ना? मला फोन आला होता त्याचा. अरे, तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"आता वाटलं नाही?"

"आता तू काष्टीला गेलास. कुणी सांगितलं होतं जायला?"

"मग तारा कशाला आणायला लावल्यास?"

"काहीतरी सांगायला हवं होतं. म्हटलं, तारांच्या नादात महिना जाईल, तोवर बाई विसरतील, मग हळूच चालू करू. पण दुसऱ्या कार्यक्रमाला त्या इतक्या खूश झाल्या की..." मग तो थोडा चिडला. "आणि ट्रॅकमधला बेस खाली जात नाही रे. तो सगळ्यात मिसळलेला असतो. दोन-दोन बेस वाजले की घरघर होते. हे तुलाही कळतं."

कळत होतं. पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

मी म्हणालो, "एक गाणं ट्रॅकशिवाय करू. तू कीबोर्ड, मी बेस, बाई गातील. एकच. तेही नको असेल तर मी उद्यापासून येत नाही."

तो म्हणाला, "तालमीत करून बघू. त्यांना जमलं तर कार्यक्रमात घेऊ. आणि हे बघ, चॅनलचं त्यांना काही सांगायचं नाही. त्यांना माहीतच नाही. त्या मला फक्त म्हणाल्या होत्या, त्रास होतो. बंद मी केला."

"नाही सांगणार."

तालीम त्याच्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून. मी छोटा अँप नेला होता. समोर बाई, हातात वही, वहीत मोठ्या अक्षरात गाणं. बाकी चौघे-पाचजण खुर्च्यांवर. मित्राने सुरावट धरली आणि मी तिच्याखाली बेस धरला. फ्लॅटवाउंड तारांचा तो जाड, बुजरा आवाज पहिल्यांदा त्या लोकांच्या कानावर पडत होता. दातांचे डॉक्टर पाय हलवू लागले. तार कुठेही करकरली नाही.

बाईंनी मुखडा धरला. पहिली ओळ बरोबर आली. दुसरीला त्या अर्धी मात्रा आधी आल्या, मी थांबून त्यांना जागा दिली, तर त्याही थांबल्या. पुन्हा सुरू केलं. अंतऱ्यापाशी मी तीन सूर खाली उतरलो आणि त्या माझ्याबरोबर खाली उतरल्या, गाणं सोडून. वही मिटली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आवाजात राग नव्हता, मुलाला समजावताना असतो तसा होता, "आज काहीतरी वेगळं आहे. मला नुसतं तेच ऐकू येतंय. तुम्ही आज तारा बदलल्यात का?"

"नाही."

"बदलल्या असतील. गेल्या दोन कार्यक्रमांत किती सुंदर वाजत होत्या. पुण्याहून आणलेल्या. त्याच लावा ना परत."

मित्र कीबोर्डच्या बटणांकडे बघत होता. खुर्चीतून कुणीतरी म्हणालं, "हो, त्या छानच होत्या." आणखी दोघांनी मान हलवली. हे लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तो आवाज आवडला होता.

मला दोन वाक्यं बोलायची होती आणि ती मी तिथे बोललो असतो तर बाई खोट्या पडल्या असत्या, मित्र उघडा पडला असता आणि माझा बेस तरीही कुणाला नकोच राहिला असता. मी म्हणालो, "लावतो."

"लावा," बाई म्हणाल्या. "आणि ट्रॅकच बरा हो. त्यात चुकायला होत नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी मी तासभर आधी हॉलवर गेलो. साउंडवाला वायरी पसरत होता. मला बघून त्याने नजर चुकवली, मग उगाच मोठ्याने नमस्कार घातला.

"माझा चॅनल हॉलला बंद ठेव," मी म्हणालो.

त्याने हातातली वायर खाली ठेवली. "सर म्हनले का?"

"मी सांगतोय."

"आन् पायापाशी?"

"तो राहू दे."

त्याने मिक्सरवर बोट नेलं, माझा चॅनल खाली ओढला आणि त्यावरच्या चिकटपट्टीवर पेनाने काहीतरी लिहिलं. गिटार जोडायला खाली वाकलो तेव्हा बाई जिना चढून येत होत्या. त्यांनी लांबूनच हात वर केला आणि विचारलं, "भाऊ, त्याच ना?"

"त्याच," मी म्हणालो.