खिडकीखालचा जनरेटर
बेलवलीत एका शुक्रवारी दुपारी, आमच्या कॅम्पर व्हॅनचा जनरेटर सुरू झाल्यावर काही वेळातच, आई बाबांच्या खोलीत बेशुद्ध पडली. पेट्रोलचा धूर नाकात गेला की ती दुपार आठवते. देखभालीसाठी वीज बंद होती आणि बाबांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं. तोवर लावलेला सिलिंडर संपत आला होता. "अरे, लवकर करा, काटा खाली चाललाय!" आई आतून ओरडत होती. व्हॅन लॉकडाऊनपासून अंगणात उभी होती. उल्हासनगरहून आलेल्या मेकॅनिकने जुनं पेट्रोल काढून टाकलं, कार्बोरेटर साफ केला आणि पुन्हा पुन्हा दोरी ओढली. शेवटी जनरेटर धडधडू लागला. "घ्या दादा, एकदम मक्खन! आता गोव्याला चला," तो म्हणाला. वायर आखूड असल्याने आम्ही व्हॅन बाबांच्या खिडकीला लागून उभी केली. मशीनचा हिरवा दिवा लागला, आईने नळी सिलिंडरवरून मशीनला जोडली आणि आम्ही बाहेर चहा घेतला. मी तिचा कप घेऊन आत गेलो, तेव्हा ती पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. दोघांनाही उघड्यावर आणलं, दोघंही वाचली. डॉक्टरांनी सांगितलं की धुरातला विषारी वायू खोलीत साठला होता आणि नाकातल्या ऑक्सिजनमुळे बाबा शुद्धीवर राहिले. आजारपणात बाबांचा आवाज गेला होता. आई कोसळल्यापासून ते स्टीलचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटत होते. जनरेटर चालू असल्याने बाहेर काहीच ऐकू आलं नाही. दांडीचा तेवढ्या भागातला रंग उडालेला आहे.