सरजाबाईची गार खोली

जिल्हा नवा झाला, कागदांवर नवे शिक्के आले, पण आमच्या अंगणवाडीवर पत्रा तोच. चैत्रात अकरालाच खोली तव्यासारखी तापायची. लेकरं सुकडी खायची अन् घरी पळायची. साहेबांची ताकीद होती, तपासणीला वीस लेकरं दिसली नाहीत तर अंगणवाडी दुसऱ्या गावाला जाईल.

तिथली बाई म्हणजे माझी शेजारीण सरजाबाई. सातवी पास, तोंडाची फटकळ. तिनं माणिकप्पा गवंड्याला गाठलं. तो म्हणाला, "पत्र्याखाली आडवी लाकडं, त्यावर कडबा, वर गढीची पांढरी माती, आपल्या माळवदावानी. माती कोरडीच पसरायची, पाणी लागत न्हाई. पत्र्याखालची धग जायला भिंतीत झरोके ठिवू."

दुष्काळात कडबा मागणं म्हणजे! पारावर बसणारे म्हातारे शेषेराव कडाडले, "मग माझ्या म्हशीनं काय तुमचा पत्रा खावा?"

शेवटी ढोरं खात नाहीत त्या तुराट्या मागितल्या. घरटी एक भारा. मीही चुलीपुढचा दिला. आठ दिवसांत खोली गार झाली.

एकादशीला पोथी वाचून उठले, अंगणवाडीकडं बघते तर लेकरं बाहेर लिंबाखाली अन् आत म्हातारे गडी पसरलेले! पारावर ऊन लागतं म्हणे. पांडुरंगा, अडीच वर्षांच्या लेकराला लागत नाही का रे?

"मामा, उठा," सरजाबाई म्हणाली.

शेषेराव डोळे न उघडताच म्हणाले, "वर माझ्या तुराट्या हायेत."

"मग झोपा की त्यांच्याखाली! पण नातवंड आणल्याबगर उद्या उंबरा वलांडायचा न्हाई. अन् निजवायचं बी तुमीच."

दोन दिवस सगळे फुगून पारावर बसले. तिसऱ्या दिवशी उन्हानं हरवलं. शेषेराव दोन नाती घेऊन आले, मागोमाग बाकीचे.

त्याच आठवड्यात भर दुपारी साहेब आले. आधी वर पाहिलं. "हे नकाशात नाही."

"लेकरं हायेत की कागदात. ती मोजा," सरजाबाई म्हणाली.

सव्वीस भरली. अंगणवाडी राहिली. तरी जाताना साहेबांनी शेरा मारलाच: छताबाबत लेखी खुलासा द्यावा.

"आक्का, तुमी रोज वही लिवता, तुमीच लिवा," सरजाबाई मला म्हणाली. म्हणजे हेही माझ्याच गळ्यात! तीन कागद फाडले. मग सरळ लिहिलं, "खोली तापत होती. आता तापत नाही."


सरजाबाईनं खाली सही ठोकली.